आरामखुर्चीचा फोटो

वर्षालीनं ट्यूबलाइट बंद केली, खुर्चीमागचं कॅलेंडर उतरवलं आणि खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला. कालच्या फोटोत खुर्ची नुसती काळी दिसत होती. आज ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि मोबाइल खुर्चीच्या बैठकीइतका खाली धरला. सकाळचं तिरपं ऊन सागवानावर पडलं होतं. फोटोत लाकडाच्या रेषा उमटल्या, वेताची वीण उमटली. आणि विणीच्या मधोमध बाबांच्या बसण्यानं पडलेला खळगाही.

बाबांना, देवमनरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. अकोल्याचं घर रिकामं करून आईला, शकुनला अमरावतीला न्यायचं, म्हणून वर्षाली एकेक वस्तू विकायला काढत होती.

शकुननं फोटो पाहिला आणि लगेच मोबाइल परत दिला.

"आताच उठून गेले वाटते."

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा मेसेज आला. उंचीचा अंदाज यावा म्हणून कोणीतरी बसलेला फोटो हवा होता.

"आई, तू बस न जराशी."

"मी नाई बसत."

"काहून?"

"ते होते तवा नाई बसली. आता काहून बसू?" म्हणत शकुन स्वयंपाकघरात गेली.

वर्षालीनं स्टुलावर मोबाइल टेकवला, टायमर लावला आणि खुर्चीत बसली. तीही पहिल्यांदाच. वेत करकरला. समोर स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं, आणि धान्याच्या कोठीआडचा कोपरा सरळ नजरेत येत होता.

बाबांचा आवाज चढला की आई त्याच कोपऱ्यात जाऊन तोंडाला पदर लावायची. लहानगी वर्षाली तिला बिलगली की कुजबुजायची, "रडू नको. इथं आपण त्याईले दिसत नाई."

बाबा तेव्हा या खुर्चीत बसलेले असायचे. पेपर वाचत.

आताही शकुन तिथंच उभी होती, पाठमोरी. तिचे खांदे हलत होते.

मोबाइलनं फोटो काढला.

"आला काय फोटो?" आतून आवाज आला. "वर्षाली... तिथून मी दिसते काय वं?"

वर्षालीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाई, आई," ती म्हणाली. "इथून नुसती कोठीच दिसते."