कोरडी जागा

देवाजीनं खाणीच्या तोंडावर लावलेल्या बाभळीच्या फांद्या काठीनं बाजूला सारल्या आणि कार्बाइडचा दिवा पेटवला. सुभद्रा मागे उभी होती. पदराच्या गाठीत मेणबत्ती होती आणि ओंजळभर शेवंतीची फुलं.

"वहिनी, अजूनबी सांगतो, परत जाऊ. आत काही राहिलं नाही."

"तुम्ही पुढं व्हा, भाऊजी."

पारशिवनीच्या पलीकडची ही मँगनीजची खाण सहा वर्षांपासून बंद होती. खालच्या बोगद्याचं छत बसलं तेव्हा देवाजी कसाबसा बाहेर आला आणि त्याचा जोडीदार, सुभद्राचा नवरा लहानू, आत राहिला. मालकानं काही दिवस दगड उपसले, मग पंप बंद केले. लहानू वर आलाच नाही. मूठमाती द्यायलाही हाती काही लागलं नाही. यंदा म्हातारी सासू, कौसल्या, अंथरुणाला खिळली आणि तिनं एकच धरून ठेवलं, माझ्या लेकाची जागा डोळ्यानं पाहून ये.

उतारावर पाय सरकत होते. सुभद्रा भिंतीचा आधार घेत उतरत राहिली. हवा जड झाली, दिव्याची ज्योत आखडली. तळाशी, खालच्या बोगद्याकडे जाणारा उतार काळ्या पाण्यात शिरला होता. ढकलगाडीचे रूळ तसेच पाण्याखाली गेले होते.

देवाजी थबकला. पाण्याकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि डाव्या हाताच्या बोगद्यात वळला.

"इथं," थोडं आत जाऊन तो म्हणाला. "हीच जागा."

सुभद्रानं मेणबत्ती पेटवून वर धरली. लाकडी टेकू ओळीनं उभे होते. काहींची साल अजून शाबूत होती. वरचं छत अखंड होतं. टेकूंसकट सगळं खाली आलं, हे त्या दिवशी अंगणात रडत रडत देवाजीनंच सांगितलं होतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो दिव्याची किल्ली उगाच फिरवत होता.

"इथंच होते का ते?"

"हो."

"तुम्ही जवळ होते?"

देवाजीनं मान वर केली. "हात धरला होता मी त्याचा. मंग सुटला."

भिंतीशी मेणबत्ती लावून, हात जोडून तिनं हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. थोडी फुलं तिथं ठेवली. देवाजी मागे उभा राहून तिच्यासोबत म्हणत होता. मधेच त्याचा आवाज थांबला, तेव्हा तिनं एकटीनं पुरं केलं.

परत उताराशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही चढा. मी आलीच."

"अंधार आहे, वहिनी."

"मले दिसते."

तो थोडा वर जाऊन पाठमोरा उभा राहिला. सुभद्रा पाण्याच्या काठाशी वाकली. गाठीत उरलेली फुलं तिनं पाण्यावर सोडली आणि हात तसाच पाण्यात ठेवला. पाणी फार थंड होतं. तिला बराच वेळ लागला, तरी देवाजीनं वळून पाहिलं नाही.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. कौसल्या कुशीवर वळली.

"पाहिली वं जागा?"

"पाहिली, आई."

"कशी आहे?"

सुभद्रा चुलीपुढं बसली. "कोरडी आहे. टेकू उभे आहेत अजून. वरतं छत आहे. देवाजीभाऊजींनी बरोबर नेलं."

"पाणी नाही ना तिथं?"

"नाही."

म्हातारीनं डोळे मिटले. "बरं झालं. लहानपणी लय भेवाचा तो पाण्याले. तळ्यावर नेलं का माह्या लुगड्याले धरून ठेवे, काही केल्या सोडत नव्हता."

सुभद्रानं लाकूड आत सारलं आणि वाकून चूल फुंकू लागली. जाळ केव्हाच पेटला होता, तरी ती फुंकत राहिली.