चार बोटं आणि एक वीत

टण्... टण्... लोखंडी खुंटीला अडकवून सळई वाकवण्याचा तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. तेव्हा मी नुसता हाडांचा सांगाडा होतो. आता मी राजापेठेतला एक बीम आहे, दोन खांबांवर आडवा टेकलेला. माझ्याखाली हारांचं दुकान, माझ्यावर शिकवणीचा वर्ग.

माझी हाडं बांधली नांदगाव खंडेश्वरच्या भगवंतरावांनी आणि त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी. लांब सळयांभोवती लोखंडाच्या चौकोनी रिंगा बांधायच्या होत्या. मैनाबाई डाव्या खांबापासून चार-चार बोटांवर बांधत आल्या. भगवंतराव उजवीकडून वीत-वीत सोडून.

"आवो, खांबापाशी रिंगा जवळजवळ घ्या ना."

"काहून? बीम वाकते तं मधात! तू इंजिनेर होऊन राहिली का?"

"इंजिनेरनंच सांगतलं. तुमी तवा तंबाखू मळत होते."

बाकीचे मजूर हसले. भगवंतराव चिडले आणि वीतच धरून बसले. तेवढ्यात नारळ फुटला, मिक्सर फिरू लागला आणि रिंगा तशाच काँक्रीटमध्ये गाडल्या गेल्या. ओल्या गोणपाटाखाली मी कितीतरी दिवस झोपलो.

माणसाला माझं मधलं, वाकणारं पोटच दिसतं. पण अंगावरचं सगळं ओझं हळूहळू खांबाकडे चालत येतं आणि तिथे मला तिरपं कापू बघतं. तिथे धरून ठेवतात त्या रिंगाच.

तीस वर्षं गेली. खालून शेवंतीचा वास यायचा, वरून पोरांचे पाय वाजायचे. मला वाटायचं, मी नदीवरून तरंगतोय. मग जागेचा मालक ललित यानं वर पुस्तकांची लोखंडी कपाटं ओळीनं लावली. उजव्या खांबापाशी माझ्या अंगावर एक तिरपी भेग उमटली.

ललितनं भगवंतरावांना बोलावलं. मैनाबाईही आल्या, स्टूल धरायला.

"काकाजी, पुट्टी मारून भेग बुजवून द्या. सोमवारी नवी बॅच हाये."

भगवंतरावांनी स्टुलावर चढून बोट भेगेवरून फिरवलं. उतरले. स्टूल डावीकडे नेलं, पुन्हा चढले. तिथे केसभरही रेघ नव्हती.

"पुट्टी नाई. पोरं आत्ताच खाली उतरव. खालचं दुकान बंद कर. इंजिनेरले बोलव, तो सांगन तसा बल्ल्यांचा टेकू लाव."

"एवढ्याशा भेगेसाठी? काकाजी, तुमी बी भेले का?"

"हो, भेलो. ह्या कडेच्या रिंगा म्या बांधल्या हायेत. चुकीच्या."

ललितचं हसू गेलं. तो जिन्याकडे धावला. थोड्या वेळानं वरचे पाय एकेक करून उतरू लागले. मी हलका होत गेलो, जणू कुणी पाठीवरून हात फिरवतंय.

बाबांनो, तिरप्या भेगेला पुट्टीनं झाकू नका. भेगेशिवाय आम्हाला दुसरी भाषा येत नाही.

भगवंतराव खाली उतरून मैनाबाईंपुढे उभे राहिले. "तू सांगतलं होतं," ते म्हणाले.

मैनाबाईंनी डाव्या खांबावर हात टेकला. चारही बोटं जवळजवळ. मग त्यांनी स्टूल उचललं आणि त्या चालू लागल्या.