सात गाद्या

"जमिनीवर बसणं आता विसरा, अम्मा," लातूरचे डॉक्टर एक्स-रे खाली ठेवत म्हणाले. "हाड जुळलंय, पण वय त्र्याहत्तर. जपून राहा."

निलंग्यात पन्नास वर्षं मलिकानं गाद्या-रजया शिवल्या होत्या, त्या जमिनीवर बसूनच. चार महिन्यांपूर्वी ओट्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, आत सळी बसवावी लागली, आणि तेव्हापासून ती खाटेवर. मुलगा रिजवान आणि सून जेबा पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देत. तिच्या माहेरच्या एकाही बाईनं साठी पाहिली नव्हती. खाटेला खिळलेलं माणूस किती दिवसांचं, हे तिला ठाऊक होतं.

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर बुद्धप्रिया नावाची मुलगी रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. तिच्यासमोर बसून मलिका म्हणाली, "मला लई जगायचंय."

"कशासाठी आजी? नातवाचं लग्न बघायचंय?"

"कशासाठी म्हंजी? आवडतं मला जगायला."

बुद्धप्रियानं तिची मांडी दाबून पाहिली. "पाय वाळलेत. म्हातारपण आधी इथं शिरतं. हात न टेकता जमिनीवरून उठता आलं पाहिजे. डॉक्टरांना मी विचारते. पण घाई नाही. आधी उंचावरून उठायचं, मग जरा जरा खाली."

डॉक्टरांचा होकार मिळाला, आणि घरी आल्यावर मलिकानं आपल्या दुकानातल्या सात गाद्या भिंतीशी एकावर एक रचायला लावल्या.

"अम्मी, हे काय करून राहिलीस?" रिजवान घाबरला. "पडलीस म्हंजी?"

"गादीवरच पडंन की. तू बाजूला उभा ऱ्हा."

गाद्यांवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा. पाय थरथरत, झंपर घामानं भिजे. दर पंधरा दिवसांनी एक गादी निघे. तीन उरल्या आणि ती अडली. महिनाभर काही केल्या उठवेना. एका सकाळी ती अर्ध्यातच लटपटली, तशी जेबा धावली.

"हात नको देऊ," मलिका दात आवळून म्हणाली. "मोज."

जेबानं मागं हात बांधले. "एक," ती हळूच म्हणाली. मलिका उभी होती.

थंडी पडली तेव्हा मलिका आणि जेबा लातूरला गेल्या. बुद्धप्रियानं चटई अंथरली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. मलिकानं पदर खोचला, खाली मांडी घालून बसली, दोन्ही हात छातीवर घेतले आणि सरळ उठली.

डॉक्टर चटईजवळ आले. "पुन्हा करा बरं."

तिनं पुन्हा केलं.

"मला नाही जमायचं हे," आपल्या पोटाकडे बघत ते म्हणाले. जेबानं मात्र करून पाहिलं. तिला दोन्ही हात टेकावे लागले.

"उद्यापास्नं तू बी," मलिका म्हणाली. "गाद्या हायतच घरी."

गाडीला वेळ होता. मलिका गंजगोलाईच्या बाजारात एका दुकानापाशी थांबली. "मोठ्या सुयांची दहा पाकिटं द्या."

दुकानदारानं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "आजी, दहा पाकिटं? कधी संपायच्या?"

"संपल्या की येते," मलिका म्हणाली, आणि एकेक पाकीट उजेडात धरून निवडायला लागली.