पस्तीस फूट

सन अठराशे ब्याण्णवच्या चैत्रात ठाण्याहून पाणी कमिटी बाळकुमला आली. कमिटी म्हणजे ओव्हरसियर त्र्यंबकराव, एक शिपाई आणि मोजणीची साखळी. गावच्या अठरा फुटी विहिरीत उन्हाळ्यात गुडघाभरच पाणी उरे. पण चहूकडे मिठागरं असूनही ते गोड होतं.

"सार्वजनिक विहीर पस्तीस फूट हवी, असा नियम आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

गावात विहिरी खणणारा एकच, काळुराम. त्याने हात जोडले. "रावसाहेब, पावसाचा गोडा पानी वरतीच तरंगतो. खाली खाडी हाय. आनखी खणलात तर खारा लागंल."

"पाहिलंयस खाली जाऊन?"

"आज्यानं पायलंय. त्याच्या बावीचा पानी खारा झाला, बुजवाया लागली."

"तुझ्या आजोबांचं कचेरीत कसं मांडू? तू नाही खणलंस तर कल्याणहून माणसं आणतो."

बायको शेवंती म्हणाली, "तुमी हात लावू नका." पण काळुरामला वाटलं, परक्याला काय कळणार? आपण असलो तर चव बदलताच थांबता तरी येईल. तो उतरला.

तेविसाव्या फुटाला झिरपलेलं पाणी त्याने जिभेला लावलं आणि तसाच वर आला. "बस करा रावसाहेब. मचूळ लागला."

"गढूळ आहे म्हणून तसं लागतं. निवळलं की होईल गोड."

काळुरामने पहार टाकली. कल्याणची माणसं आली आणि आठ दिवसांत काम उरकून गेली. विहीर तुडुंब भरली तेव्हा गावाने नारळ फोडला. काळुरामकडे बघून लोक हसले. पंधरा दिवसांनी डाळ शिजेनाशी झाली. महिन्याभरात गुरंही तोंड फिरवू लागली. मग तेच लोक म्हणू लागले, पहिली पहार यानेच मारली.

तो चालत ठाण्याच्या कचेरीत गेला. कारकुनाने कागद काढून वाचला, "पस्तीस फूट. पाणी मुबलक."

"पन खारा हाय ना!"

"चवीचं यात काही विचारलेलं नाही."

तेव्हापासून बाळकुमच्या बायका शेजारच्या माजिवड्याहून पाणी आणू लागल्या. पुढच्या चैत्रात कमिटी माजिवड्याची विहीर खोल करायला गेली. कळताच काळुराम धावत तिथे पोचला. घडलं ते सगळं त्याने तिथला पंच धाकू याला सांगितलं.

"स्वताची बाव नासवलीस," धाकू म्हणाला, "आता आमचा पानी वाढतो तं तुझे पोटात दुखतं?"

"अरं, आमच्या बायकापन हितलाच पानी पितात! वाईट कशाला चिंतीन?"

"तेच तं. त्याही उद्यापासून नकोत."

कुणीतरी त्याला ढकललं. त्र्यंबकराव साखळीकडे बघत राहिले.

वाटेत त्याला डोक्यावर भरलेला हंडा घेऊन परतणारी शेवंती भेटली. त्याने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं गावाकडे चालू लागली. मागे पहारीचे घाव पडत होते.