दाराआडचा नकाशा

मी या गावाचा नकाशा. नगरपालिकेच्या नगररचना कचेरीत, दाराच्या आतल्या अंगाला चार टाचण्यांवर लटकलोय. बोलायची सवय नाही मला, पण आज माझी पाचावर धारण बसली आहे.

माझा जन्म समोरच्याच टेबलावर झाला. नकाशे काढणाऱ्या ताईंनी महिनाभर खपून मला रंगवलं. घरांना पिवळा, शेतीला हिरवा, कारखान्यांना जांभळा. ज्या तुकड्यावर जो रंग, तिथे तेच होणार, असा नियम. ओढ्याकाठी मला भरपूर हिरवा मिळाला आणि त्याचा मला तोराही होता.

मग एक कंपनी आली. तिला ओढ्याकाठी हजारो संगणकांची इमारत बांधायची आहे. साहेबांनी ताईंना माझ्या हिरव्यावर जांभळ्या रेघा मारायला लावल्या. रंग पक्का करण्याआधी मला तीस दिवस लोकांसमोर टांगायचं आणि हरकती मागवायच्या, हा कायदा. भिंतींना कपाटं लागलेली, म्हणून मला दारावर टांगलं.

आता गंमत बघा. हे दार आत उघडतं. शिपाईकाका रोज सकाळी ते सताड उघडतात आणि साहेबांना वारा लागावा म्हणून खाली वीट सरकवतात. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी काका बाहेरून कुलूप लावून जातात. एवढ्या दिवसांत माणसं आली, गेली, मला कुणी पाहिलं नाही. हरकतींची वही कोरीच राहिली.

आज शेवटचा दिवस. पाचला मुदत संपते. पावणेपाचला चहाचा ट्रे घेऊन येताना काकांना विटेची ठेच लागली, ती सरकली आणि दार धाडकन लागलं. मी त्यांच्यासमोर!

"ताई, हा आमचाच ओढा ना? त्यावर या रेघा कसल्या?"

ताईंनी मान खाली घातली. "कंपनी येतेय, काका. सगळ्या गावाला लागते त्याच्या चौपट वीज ती एकटी खाणार. आणि मशिनं थंड ठेवायला ओढ्याचं पाणी."

"अहो, आमची विहीर त्या ओढ्यावरच जगते की!"

"मग हरकत लिहा. मला काही धीर झाला नाही."

काकांनी विटेकडे पाहिलं. "रोज मीच ठेवत होतो ना," एवढंच पुटपुटले आणि वही पुढे ओढली.

तेवढ्यात आतून साहेबांची घंटी वाजली. बत्तीस वर्षांत काकांनी ती कधी दुसऱ्यांदा वाजू दिलेली नाही. निवृत्तीला चार महिने उरलेत. हातात पेन, नजर आतल्या खोलीकडे. पाचला सहा मिनिटं कमी. घंटी पुन्हा वाजली.

मला फार भीती वाटतेय. उद्या जांभळ्या रंगाची बाटली उघडली की मग तो कुणाला पुसता येणार नाही. काका, साहेबांना थांबू द्या थोडं. तुमचं नाव, पत्ता आणि एक ओळ, एवढंच लागतं. लिहा हो, काका.