दोन्ही डाव्या

तिनं दुसऱ्यांदा शिवण उसवली आणि बाही पुन्हा कोटाच्या मुंढ्याला लावून बघितली. बसेना. कापड मागे ओढलं जात होतं. मग तिनं दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या आणि बघतच राहिली. दोन्ही डाव्या होत्या.

कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, म्हणजे जोडी आपोआप जुळते, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. निम्मं आयुष्य शिवणकामात गेलेल्या या बाईनं एक बाही कापली आणि कागदी नमुना न उलटता तीच पुन्हा कापली. पहिलीच चूक असती तर तिनं हसण्यावारी नेली असती.

"अगं, आवर. नंबर जाईल," नवरा दारातून म्हणाला.

तिनं बाह्या उरलेल्या कापडाखाली सारल्या आणि चपला घातल्या.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा सगळं गणगोत गोळा झालं होतं. त्याचा उजवा हात लुळा पडला, आणि लुळा हात सगळ्यांना दिसतो. त्याला व्यायाम शिकवायला माणूस यायचा. चित्रं दाखवून त्याची स्मरणशक्तीही तपासली. धंदा सांभाळायचा होता ना! कातरकाम तेव्हापासून तिच्याकडे आलं. मग गेल्या वर्षी झटका तिलाही आला. आठवड्याभरात हातपाय पूर्ववत झाले. सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळे म्हणाले. दवाखान्यातून आली त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली, आणि स्वयंपाक करते ती बाई बरी, हा कायदा कोणी लिहिलेला नसला तरी घरोघरी पाळला जातो.

पण तेव्हापासून तिच्या डोक्यात कामांची ओळच लागेना. आधी काय, मग काय, मध्येच धागा सुटायचा. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "माझं काय वेगळं आहे? या वयात बायकांचं असंच व्हायचं." आज मात्र डॉक्टरीणबाईंना सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. कात्री धरणारा हात घरात तिचाच उरला होता. तोही गेला तर दुकान गेलंच म्हणायचं. तिला भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "कशा आहेत?"

"एकदम ठणठणीत," तो अभिमानानं म्हणाला. "घर, दुकान, सगळं तीच बघते. मलाच तिचा आधार."

"घरचं सगळं जमतं ना?" आता त्या तिच्याकडे वळल्या.

"जमतं. पण..." रस्ताभर घोकलेलं वाक्य ऐनवेळी अर्ध्यातच तुटलं. "बाह्या. दोन्ही डाव्या होतात."

"डाव्या बाजूला त्रास? हात वर करा बघू."

"हात नाही, बाही..."

"हो, हो. वर करा. छान. आता माझी बोटं दाबा. जोरात."

तिनं जिवाच्या आकांतानं दाबली. डॉक्टरीणबाईंनी हसत हात सोडवून घेतला. "अहो, मोडाल माझी बोटं! उत्तम ताकद आहे."

तिला रडू फुटलं.

"मन जरा हळवं होतं," डॉक्टरीणबाई नवऱ्याला समजावत म्हणाल्या आणि त्यांनी झोपेची एक गोळी वाढवून दिली.

परत आले तर दुकानापाशी कोटवाले मास्तर उभे. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. नवऱ्यानं कोट शोधायला टेबलावरचं कापड उचललं आणि खालच्या बाह्या उघड्या पडल्या. तोही शिंपीच. त्याला एका नजरेत कळलं. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग आपला लुळा हात उचलून बाह्यांवर ठेवला.

"माफ करा, मास्तर. हट्टानं मीच कापायला बसलो. या हातानं दगा दिला."

मास्तर एकदम विरघळले. "अहो, तुमचा काय दोष! इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलात. नशीब म्हणा, बाई धडधाकट आहेत."

"तेच तर. कापड उरलंय. उजवी बाही ती आत्ता कापून देईल."

त्यानं खडू तिच्याकडे सरकवला. तिची लाज राखल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते खरं होतं, म्हणून तिला त्याच्यावर रागावताही येईना.

तिनं नमुना कापडावर ठेवला. उलटवला. पुन्हा होता तसा ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उजवी कुठली?"

मास्तर खो खो हसले. "बघा, वर थट्टाही करतात!"

नवराही हसला, मास्तरांपेक्षा जरा जास्तच वेळ. ती खडू धरून तशीच उभी राहिली, कोणीतरी सांगेल म्हणून.