शेफिकाच्या थोरल्याचा धागा

मी एक जुना धागा आहे. कापसाचा नाही आणि लोकरीचाही नाही. तुमच्या पुस्तकात माझं नाव डीएनए असं दिलेलं असतं आणि शेजारी पिळलेल्या शिडीचं चित्र असतं. चित्रात मी मोठा देखणा दिसतो. खरं तर माझे आता तुकडे झाले आहेत, आणि ते द्रिना नदीच्या खोऱ्यात मांडीच्या एका हाडात पडून आहेत. हे हाड सेनाहिद नावाच्या मुलाचं आहे.

मित्रांनो, माझा अर्धा भाग त्याच्या आईकडून, शेफिकाकडून आला आणि अर्धा वडिलांकडून. पुढे फिक्रेत झाला, तेव्हा त्याचाही धागा याच दोघांकडून आला, फक्त वाटणी वेगळी पडली. वडील लवकर वारले. दोघं भाऊ एकाच उंचीचे, एकाच चालीचे. पाठमोरा दिसला की शेजारची झुमरा हटकून चुकीच्या नावानं हाक मारायची. आई मात्र कधी चुकली नाही.

सजीवाचं शरीर चालवायला आमची चार घराणी राबतात. प्रथिनांचा तोरा मोठा. सेनाहिद गवताचा भारा उचलायचा तो त्यांच्याच जोरावर. कर्बोदकं म्हणजे भाकरी आणि आलुबुखारचा मुरांबा यांतून येणारी ताकद. ती आली तशी खर्चून जायची. स्निग्ध पदार्थ बर्फाच्या दिवसांत ऊब धरून बसायचे. चौथे आम्ही. काय बांधायचं, कसं बांधायचं, हे आम्ही सांगायचं आणि गप्प बसायचं. पोराचे दंड बघा, असं सगळा गाव म्हणायचा. पोराचा धागा बघा, असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

मग लढाई आली. दोघं भाऊ इतर पुरुषांबरोबर रानातून निघाले, आणि गोळीबार झाला तेव्हा त्यांची ताटातूट झाली. सेनाहिद एका ओढ्याकाठी पडला, तो उठला नाही. फिक्रेतचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. आधी साखर संपली, मग चरबी गेली, मग तोरा मिरवणारी प्रथिनं मातीत विरघळली. हाडाला घट्ट धरून असलेली थोडी तेवढी राहिली, आणि त्यांच्या आडोशाला मी. माझ्याजवळ सेनाहिद घडवण्याची सगळी कृती होती, पण ती वाचून कामाला लागणारं कोणी उरलं नव्हतं. एकटेपण काय असतं, ते मला तिथं कळलं.

बऱ्याच वर्षांनी ओढ्याला पूर आला, काठ ढासळला आणि एका गुराख्याला हे हाड दिसलं. बाकीचं शरीर पाण्यानं कुठं नेलं कोण जाणे. शहरातल्या प्रयोगशाळेत अमेला नावाच्या बाईंनी हाडाचा तुकडा कापला, त्याची पूड केली आणि मला बाहेर काढलं. हा चांगला टिकलाय, असं त्या म्हणाल्या. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. बेपत्ता मुलांच्या शोधासाठी शेफिकानं पूर्वी बोटातून दिलेल्या रक्ताच्या थेंबाशी त्यांनी मला ताडून पाहिलं. जुळलं. आता मी घरी जाणार म्हणून मी फार सुखावलो.

शेफिका झुमराला घेऊन आली. डोक्यावर पांढरा रुमाल, पाठीत वाकलेली. तिनं हाडावर तळहात ठेवला आणि विचारलं, "कोणता आहे हा?"

अमेला म्हणाल्या, "आजी, हा तुमचा मुलगा आहे. पण दोघांतला कोणता, ते तुमच्या रक्तावरून कळत नाही. दोघंही तुमचेच ना. त्यांची वापरलेली एखादी वस्तू आहे का? कंगवा, वस्तरा, टोपी? एखादा केस सापडला तरी पुरे."

"सगळं आहे, घर जळण्याआधी गाठोड्यात बांधून नेलं होतं," शेफिका म्हणाली. "दर वसंतात काढते, उकळत्या पाण्यात घालते, साबणानं घासते. पोरं कधीही येतील. माझ्या घरात त्यांचं काही मळकं सापडायचं नाही, पोरी."

मग अमेलांनी दुधाच्या दातांचं विचारलं. ते रिवाजाप्रमाणे छपरावर फेकले होते, आणि ते छप्पर लढाईत जळालं होतं.

झुमरा पुटपुटली, "मी सांगत होते, सदऱ्यांची चाळणी झाली, आता पुरे कर."

तेव्हा शेफिकाला कळलं, आपण काय धुऊन टाकलं ते. तिनं हाडावरचा हात काढला आणि तो झग्याच्या घडीत लपवला, जणू त्या हातानंच गुन्हा केला होता. मी ओरडायला हवं होतं की मी सेनाहिद आहे, तुझा थोरला. पण आम्ही फक्त घडवतो, आम्हाला बोलता येत नाही.

दुसरा सापडेपर्यंत थांबता येईल, असं अमेला म्हणाल्या. शेफिकानं नकारार्थी मान हलवली. तिचं वय झालं होतं, आणि आपला एक तरी मुलगा आपल्या डोळ्यांदेखत मातीत निजावा, असं तिला वाटत होतं. पण दगडावर नाव तर हवं.

"फिक्रेत लिहा," ती शेवटी म्हणाली. "सेनाहिद समजूतदार आहे, त्याला थांब म्हटलं तर थांबेल. धाकट्याला बाहेर ठेवून मला झोप यायची नाही."

दफनाच्या दिवशी हिरव्या कापडानं झाकलेली पेटी पुरुषांनी हातोहात पुढे नेली. एवढी हलकी पेटी उचलताना कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या माणसांवर माया करा, त्यांचे कपडे स्वच्छ ठेवा. पण जो दूर गेला आहे त्याची एखादी टोपी तशीच राहू द्या. तिच्या मळात तो असतो.

शेफिका दर शुक्रवारी येते. दगड पुसते, गवत उपटते आणि धाकट्याला घरच्या गोष्टी सांगते. परवा तिनं दगडाजवळ वाकून हळूच विचारलं, "फिक्रेत, तू तर त्याच्याबरोबर होतास. सांग ना रे, माझा सेनाहिद कुठं आहे?"